कोकणातल्या घरात बसून ऑर्केस्ट्राची थेट मैफल कशी ऐकावी

जत्रेच्या दिवशी आमच्या वाडीतली माणसं दुपारी हटकून तासभर लवंडतात. पालखी फिरून झाली की दशावतार उभा राहणार, तो पहाटे दहीकाला होईपर्यंत चालणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जेवण लवकर होतं, चटई काढून ठेवली जाते, पोरांना बजावलं जातं. खेळ सुरू व्हायच्या आधीच माणूस खेळाला लागलेला असतो.

युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या सभागृहातून रेडिओवर येणारी ऑर्केस्ट्राची, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंदाची, मैफल ऐकायलाही हीच तयारी लागते. माझ्या ओळखीतल्या कितीतरी चांगल्या कानसेनांनी पाश्चात्त्य संगीताचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे मोबाईलवर ऐकले आणि ‘आपल्याला यातलं कळत नाही’ म्हणून सोडून दिलं. तुकड्यांत ते कळतच नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, वाद्यं सुरात लावण्यापासून शेवटच्या टाळ्यांपर्यंत सबंध मैफल ऐकली की ते उलगडायला लागतं. त्या क्षणी तिथे हजारो माणसं श्वास रोखून बसलेली असतात आणि आपण त्यांच्यातलेच एक असतो. देवगड तालुक्यातल्या माझ्या घरी, भर पावसाळ्यातसुद्धा हे कसं जमवते ते सांगते. क्रम शक्यतो मोडू नका.

आधी घड्याळ

सगळ्यात जास्त मैफली चुकतात त्या वेळेच्या हिशोबात. आपलं घड्याळ वर्षभर एकच राहतं, तिकडचं वर्षातून दोनदा सरकतं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं.

लंडनच्या वेळेत तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे घड्याळ पुढे असताना, साडेचार तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेपाच. व्हिएन्ना, बर्लिन, पॅरिस, ॲम्स्टरडॅम यांना उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क आणि बॉस्टनला उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. हे एका कागदावर लिहून देवघराशेजारच्या कॅलेंडरवर डकवा. माझ्याकडे तो कागद दरवर्षी पावसात सादळतो आणि मी तो दरवर्षी नवा लिहिते.

म्हणजे लंडनमध्ये जुलैत संध्याकाळी साडेसातला सुरू होणारी मैफल आपल्याकडे बरोबर रात्री १२ वाजता. बर्लिनची आठची मैफल उन्हाळ्यात रात्री साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला. बॉस्टनची शनिवारी रात्री आठची मैफल आपल्याकडे रविवारी उजाडते, उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला. ज्यांना जागरण सोसत नाही आणि पहाटे उठायची सवय आहे, त्यांच्यासाठी बॉस्टन ही मोठी सोय आहे. चुलीवर पाणी तापत असताना, बाहेर माडांच्या झावळ्या नुकत्या दिसायला लागलेल्या असताना ऐकलेला ब्राम्स हा जर्मन संगीतकार रात्रीच्या ब्राम्सपेक्षा निराळा लागतो.

दिवसाढवळ्या ऐकायचं असेल तर दोन जागा लक्षात ठेवा. ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ सभागृहात रविवारी सकाळी ११ वाजता मैफल असते. आपल्याकडे तेव्हा दुपारचे अडीच किंवा साडेतीन, जेवणं उरकलेली. दुसरी म्हणजे १ जानेवारीची व्हिएन्ना फिलहार्मोनिकची नववर्ष मैफल. तिथे सकाळी सव्वाअकराला सुरू होते, आपल्याकडे दुपारी पावणेचारला. तिच्याबद्दल पुढे बोलते.

मग स्टेशन

युरोपातल्या सार्वजनिक रेडिओंकडे एवढ्या मैफली येतात कुठून? पुष्कळांचे ऑर्केस्ट्रा त्यांचे स्वतःचेच आहेत. रेडिओ सुरू झाला तेव्हा त्याला रोज संगीत लागायचं, म्हणून त्यांनी वादक पगारावर ठेवले. बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा १९३० चा, फ्रान्सचा ऑर्केस्त्र नास्योनाल १९३४ चा, म्युनिकचा बव्हेरियन रेडिओ सिंफनी १९४९ चा. त्यातला म्युनिकचा तर आज जगातल्या पहिल्या पंक्तीतला मानला जातो. शिवाय युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या देवाणघेवाणीतून एका देशातली मैफल दुसऱ्या देशाच्या स्टेशनवर लागते.

सुरुवातीला चार-पाच नावं पुरेत. लंडनचं बीबीसी रेडिओ ३, म्युनिकचं बीआर क्लासिक, फ्रान्स म्युझिक, नेदरलँड्सचं एनपीओ क्लासिक, बॉस्टनचं डब्ल्यूसीआरबी. बहुतेकांच्या संकेतस्थळावर थेट ऐकायचं बटण असतं. रेडिओ गार्डन, ट्यूनइन यांसारख्या ॲपमध्येही ही स्टेशनं सापडतात.

प्रसारण हक्कांमुळे काही स्टेशनं किंवा काही कार्यक्रम त्यांच्या देशाबाहेर बंद असतात. म्हणून मैफलीच्या दोन दिवस आधी त्याच वेळेला ते स्टेशन लावून बघा. लागलं नाही तर तीच मैफल दुसरं कुणी घेतंय का ते शोधा. लंडनच्या प्रॉम्स महोत्सवातल्या बऱ्याच मैफली युरोपातली इतर स्टेशनंही घेतात. एक मुख्य स्टेशन आणि एक राखीव, अशी जोडी करून ठेवायचीच.

निवेदन जर्मन किंवा फ्रेंचमध्ये असेल तर घाबरू नका. संगीतकारांची नावं कळतात, ‘सिंफनी’ कळतं, आकडे दोन-तीन आठवड्यांत कळायला लागतात. पाश्चात्त्य संगीतात स्वरसप्तकाच्या मेजर आणि मायनर अशा दोन जाती असतात. जर्मन निवेदक ‘दूर’ म्हणाला की मेजर, ‘मोल’ म्हणाला की मायनर. त्यांचा ‘एच’ म्हणजे इंग्रजीतला बी, आणि त्यांचा ‘बी’ म्हणजे इंग्रजीतला बी फ्लॅट, तेवढं मात्र पाठ करा. कार्यक्रमपत्रिका संकेतस्थळावर असते. ती संध्याकाळीच वहीत उतरून घ्यावी: कोणती रचना, कोणाची, किती मिनिटांची, मध्यंतर कुठे.

रेंज, डेटा आणि वीज

कोकणातल्या माणसाला या भागाची सर्वांत जास्त गरज आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आपली जुनी घरं सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) खाली, पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाने, वारा लागू नये अशा खोलगट जागी बांधलेली. मोबाईलची रेंज असते वर सड्यावर. त्यात चिऱ्याच्या जाड भिंती. माजघरात फोन ठेवला की रेंजची एक काडी उरते, तीही येते-जाते. यावर उपाय दोन फोनांचा. एक फोन माळ्यावरच्या किंवा सड्याच्या बाजूच्या खिडकीत ठेवायचा, जिथे रेंज स्थिर आहे. त्याचा हॉटस्पॉट चालू करायचा. दुसरा फोन खाली, आपण बसतो तिथे, त्या हॉटस्पॉटला जोडून त्यावर रेडिओ लावायचा. खिडकी नेमकी कोणती, हे एकदा दिवसा फिरून ठरवा. आमच्याकडे पूर्वेच्या खिडकीत रेडिओ अखंड चालतो आणि चार हातांवरच्या दक्षिणेच्या खिडकीत दर दोन मिनिटांनी अडकतो. खिडकीतल्या फोनवर पागोळ्यांचं पाणी उडणार नाही एवढं बघा.

डेटाची लोकांना उगाच धास्ती असते. १२८ केबीपीएसच्या (हे प्रसारणाच्या दर्जाचं माप, आकडा मोठा तितका दर्जा चांगला) प्रसारणाला तासाला साधारण ५८ एमबी लागतात. अडीच तासांची मैफल १४५ एमबीत होते. ३२० केबीपीएसचं उत्तम प्रसारण असेल तर तासाला १४४, म्हणजे पूर्ण मैफलीला ३६० एमबी. सिनेमा बघायला याच्या कितीतरी पट डेटा जातो. रेंज डळमळीत असेल तर कमी दर्जाचं प्रसारण निवडा. अखंड ऐकलेलं साधं प्रसारण हे तुटत तुटत ऐकलेल्या उत्तम प्रसारणापेक्षा बरं.

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन रेडिओच्या ॲपसाठी बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा. नाहीतर पडदा काळा झाला की काही मिनिटांत फोन ते ॲप झोपवून टाकतो. माझ्या दोन मैफली यात गेल्या, आणि कारण कळायला महिना गेला.

आता वीज. वायफाय वापरत असाल तर लाईट गेली की राऊटर बंद, मैफल बंद. मी पहिल्या वर्षी बीथोव्हनची पाचवी सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची बहुधा चार भागांची मोठी रचना, ऐकत होते. तिच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळं अगदी हळू होतं, टिंपनी (नगाऱ्यासारखे मोठे ड्रम) कुजबुजल्यासारखी वाजत राहते, आणि तिथूनच न थांबता चौथा भाग पूर्ण ताकदीनं उसळतो. ट्रॉम्बोन ही फुंकून वाजवायची पितळी वाद्यं त्या सिंफनीत तोपर्यंत एकदाही वाजलेली नसतात, ती तिथे पहिल्यांदा येतात. ती टिंपनी सुरू झाली आणि लाईट गेली. रात्रीचे पावणेदोन, बाहेर धो धो पाऊस, आणि तो उसळता स्वर मला कुठलाच ऐकू आला नाही. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐकता आलं असतं, पण मला ते नको होतं. मी पुन्हा कुठेतरी थेट लागण्याची वाट बघितली.

तेव्हापासून मैफलीच्या रात्री दोन्ही फोन पूर्ण चार्ज, १०,००० एमएएचची पॉवर बँक भरलेली, आणि वायफाय असलं तरी मोबाईल डेटा हाताशी, हा माझा नेम आहे. वीज जाऊन बराच वेळ झाला की टॉवरचीही बॅटरी संपते. म्हणून जमलं तर दोन फोनांत दोन निराळ्या कंपन्यांची सिमं ठेवा.

बसायचं कुठे, आवाज किती

पडवीत बसून ऐकायचा मोह होतो. पावसाळ्यात तो आवरा. पागोळ्या, बेडूक, पत्र्याच्या शेडवरचा मारा यांत ऑर्केस्ट्राचे हळू स्वर बुडून जातात. माजघर उत्तम. कौलांवरचा पाऊस तिथे दबून येतो. ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो जमिनीवर ठेवू नका, कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. पाऊस फारच असेल तर सरळ कान झाकणारा हेडफोन लावा. खाऱ्या हवेनं त्याची पिन लवकर काळवंडते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून त्यात ठेवला की टिकतो.

फोनमधलं बास वाढवणारं किंवा ध्वनी ‘सुधारणारं’ सगळं बंद करा. ते सिनेमाच्या गाण्यांसाठी केलेलं असतं, ऑर्केस्ट्राला ते जाड करून टाकतं.

आवाज किती ठेवायचा याचं माझं माप निवेदकाचं बोलणं हे आहे. तो समोर बसून बोलतोय इतपत आवाज ठेवायचा आणि मग हात लावायचा नाही. संगीत हळू झालं म्हणून आवाज वाढवला की पुढच्या मिनिटाला घर दणाणतं आणि शेजारी उठतात. हळू भाग हळूच ऐकायचा असतो. तो कानाला पुढे ओढून घेतो, तेच त्याचं काम. हायडनच्या ९४व्या सिंफनीत, जी १७९२ साली लंडनमध्ये पहिल्यांदा वाजली, दुसऱ्या भागात एक साधीशी चाल अगदी दबक्या आवाजात चाललेली असते आणि अचानक सगळा ऑर्केस्ट्रा एक ठोका देतो. ज्यानं आवाज वाढवला त्याला तो ठोका जास्तच लागतो.

मैफल सुरू झाली

मैफलीच्या आधी पाच-दहा मिनिटं रेडिओ लावा. सभागृहातली कुजबुज, खुर्च्या, वादकांचं विस्कळीत वाजवणं ऐका. मग सगळं शांत होतं आणि ओबो हे सनईच्या जातीचं वाद्य एक लांब स्वर धरतं, ‘ए’. त्याला धरून बाकीचे आपापली वाद्यं लावतात. तंबोरा जुळताना मैफलीत जी शांतता पसरते, तीच ही. फरक एवढा की तंबोरा पुढे वाजत राहतो आणि ओबोचा हा स्वर निघून जातो.

हा फरक मनात पक्का करा, कारण आपला कान नेमका इथे अडखळतो. आपल्याला षड्ज सतत हवा असतो. या संगीतात षड्जच जागा बदलतो, आणि एका वेळी अनेक स्वर उभे असतात. त्यात राग शोधू नका. एक चाल पकडा, सुरुवातीला जी येते ती. ती मनात गुणगुणा. मग ती कुठे जाते, कोणत्या वाद्याकडे जाते, कशी मोडते, आणि परत येते तेव्हा बदलली आहे का, एवढंच बघा. पहिल्या दहा मैफलींना एवढं काम पुरतं.

साधारण मैफलीचा आराखडा असा: आधी दहाएक मिनिटांची छोटी रचना, मग अर्ध्या तासाचा कॉन्चेर्तो, म्हणजे एकट्या पियानो किंवा व्हायोलिनचा ऑर्केस्ट्राशी संवाद. वीसेक मिनिटांचं मध्यंतर. नंतर चाळीस-पन्नास मिनिटांची सिंफनी. सिंफनीचे बहुधा चार भाग: पहिला वेगवान, दुसरा संथ, तिसरा नाचाच्या अंगाचा, चौथा पुन्हा वेगवान. भागांच्या मध्ये क्षणभर थांबतात, तेव्हा सभागृहातून खोकल्यांची लाट येते. ती ऐकून रचना संपली असं समजू नका. वहीत भाग मोजत जा. मध्यंतरात रेडिओवर मुलाखत किंवा एखादी छोटी रचना असते. मी तेव्हा उठून कोरा चहा करते आणि खिडकीतला फोन बघून येते.

काय ऐकायचं आधी

माझं मत स्पष्ट आहे: समुद्रापासून सुरुवात करा. आपल्याला तो ठाऊक आहे.

मेंडेल्सझोननं १८२९ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेची हेब्रिडीस बेटं पाहिली आणि त्यावरून ‘हेब्रिडीस’ ओव्हर्चर, म्हणजे एका भागाची छोटी वाद्यरचना, रचलं. दहा मिनिटांचं आहे. सुरुवातीला खालच्या तारा एक छोटी आकृती पुन्हा पुन्हा टाकतात, जशी भरतीची लाट खडकाच्या कपारीत शिरते आणि मागे सरते. मग देब्युसीचं १९०५ चं ‘ला मेर’. तीन भाग: पहाटेपासून दुपारपर्यंतचा समुद्र, लाटांचा खेळ, वारा आणि समुद्र यांचा संवाद. यात गुणगुणायला धड चाल सापडत नाही, म्हणून नवा माणूस गोंधळतो. देवगडच्या किल्ल्यावर उभं राहून तासभर पाणी पाहिलेल्या माणसानं मात्र गोंधळायचं कारण नाही. तिसरं, बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराची ‘पीटर ग्राइम्स’ ऑपेरातली (संगीतनाटकातली) चार सागरी इंटरल्यूड, म्हणजे प्रवेशांच्या मधली वादनं, १९४५ ची. ती कथा मच्छीमारांच्या गावातली आहे, आणि शेवटचं इंटरल्यूड वादळाचं. नारळी पौर्णिमेच्या आधीचा समुद्र ज्यानं पाहिला आहे त्याला ते ओळखीचं वाटेल.

वाद्यं ओळखायला ब्रिटनचीच ‘यंग पर्सन्स गाइड टू द ऑर्केस्ट्रा’ ही रचना लागली तर सोडू नका. पर्सेलची एक जुनी चाल घेऊन तो एकेका वाद्याला पुढे आणतो आणि शेवटी सगळ्यांना एकत्र करतो. सतरा-अठरा मिनिटांत कान तयार होतो.

ड्वोर्झाकची नववी सिंफनी १८९३ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजली. तिच्या दुसऱ्या भागात कोर आँग्ले हे ओबोच्या कुळातलं जरा खालच्या आवाजाचं वाद्य एक चाल वाजवतं. एकदा ऐकलीत की दुसऱ्या दिवशी काम करताना ती तोंडात येईल.

रॅव्हेलचं १९२८ चं ‘बोलेरो’ मी एकटी ऐकत नाही. गेल्या खेपेला भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या आबांना बोलावलं. सुरुवातीला एक छोटा ड्रम, जेमतेम ऐकू येईल असा, एक ठेका धरतो. तीन-तीन मात्रांची दोन आवर्तनं, मिळून चोवीस आघात. तोच ठेका पंधरा मिनिटं, शेवटापर्यंत. चाल बासरीकडून क्लॅरिनेटकडे, तिथून पुढे पुढे जाते, वाद्यं वाढत जातात, आवाज चढत जातो. आबा डोळे मिटून मांडीवर सहा मात्रा मोजत होते. अगदी शेवटी स्वर एकदम वेगळ्या पट्टीत उडी घेतो आणि सगळं कोसळल्यासारखं संपतं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. ‘मेल्यान लय सोडूक नाय गो!’ त्यांना रॅव्हेल कोण ते ठाऊक नव्हतं, पण पंधरा मिनिटं लय न वाढवता फक्त आवाज वाढवत नेणं किती कठीण आहे, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळलं होतं.

महालर, ब्रुकनर यांच्या तास-दीड तासाच्या सिंफनी दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. शोस्ताकोविचची सातवी त्यातच धरा, पण तिची हकिकत आधीच माहीत असू दे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या वेढ्यात उपाशी असलेल्या रशियातल्या लेनिनग्राडमध्ये ९ ऑगस्ट १९४२ रोजी तिथल्या रेडिओ ऑर्केस्ट्रानं, कार्ल एलियासबर्ग यांच्या हाताखाली, ती वाजवली. वादक कमी पडले म्हणून सैन्यातून वाजवणारे आणले गेले. मैफल रेडिओवरून आणि ध्वनिक्षेपकांवरून शहरभर गेली, वेढा घालणाऱ्यांच्या कानापर्यंतही. रेडिओवरून ऑर्केस्ट्रा ऐकणं ही केवढी गोष्ट असू शकते, ते मला या एका रात्रीवरून कळतं.

दोन ठरलेले मुक्काम

वर्षाचं वेळापत्रक करायचं तर दोन खुंट्या पक्क्या ठोका. पहिली, १ जानेवारीची व्हिएन्नाची मैफल. दुपारची वेळ, छोट्या रचना, स्ट्राउस घराण्याचे वॉल्ट्झ आणि पोल्का, म्हणजे नाचाच्या चाली. घरातली सगळी माणसं बसू शकतात. मूळ सुरुवात १९३९ च्या ३१ डिसेंबरची. आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी ती पाच वेळा, १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५ मध्ये, चालवली. शेवटी ‘ब्लू डॅन्यूब’चे पहिले स्वर वाजले की श्रोते टाळ्यांनी ते थांबवतात, वादक नववर्षाच्या शुभेच्छा देतात आणि मग रचना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सगळ्यात शेवटी ‘राडेट्स्की मार्च’, त्याला सबंध सभागृह ठेक्यात टाळ्या देतं. आमच्या घरातली पोरंही देतात.

दुसरी, लंडनचे प्रॉम्स. १८९५ मध्ये सुरू झाले, १९२७ पासून बीबीसीकडे आहेत. आधीचं क्वीन्स हॉल १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळलं आणि ते रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आले. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आठ आठवडे, जवळजवळ रोज. सगळ्या ऐकायचा अट्टहास नको. पत्रिका आली की आठवड्याला एक निवडा. भाताची लावणी, नंतर श्रावणातले उपास, मग गणपती, याच दिवसांत ते येतात. ज्या रात्री घरात भजनाची बारी असेल त्या रात्री भजनच करा.

संपल्यावर

शेवटचा स्वर थांबला की लगेच रेडिओ बंद करू नका. चांगल्या सभागृहात टाळ्यांच्या आधी एक-दोन श्वासांची शांतता असते, ती मैफलीचाच भाग आहे. मग टाळ्या, निवेदक हलक्या आवाजात पुन्हा नावं सांगतो. कॉन्चेर्तोचा वादक मध्यंतरापूर्वी बहुधा एक छोटी रचना आणखी वाजवतो. तिचं नाव छापील पत्रिकेत नसतं, निवेदक नंतर सांगतो. वही आणि पेन्सिल तेवढ्यासाठी जवळ ठेवा. नाव निसटलं तर ती चाल कित्येक दिवस डोक्यात घोळते आणि शोधायची कशी तेच कळत नाही.